भोक नावाची वस्तू

सासूबाईंच्या सोऱ्याची चकलीची चकती हरवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

हरवली म्हणजे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा. डोंबिवलीतल्या तीस वर्षांच्या संसाराची चाळीसेक खोकी झाली. ती भाड्याच्या जागेत आली आणि त्यांतली निम्मी पॅसेजमध्ये एकावर एक तशीच उभी आहेत. सोऱ्या सापडला. शेवेच्या बारीक-जाड दोन्ही चकत्या सापडल्या, पट्टीची पापडीची सापडली. चकलीची तेवढी नाही. सोऱ्या पितळी, सासूबाईंच्या माहेरचा, खालचं टोपण आट्यांचं. त्या टोपणात चकती बसते. बाजारातून दोन चकत्या आणून पाहिल्या. एक आतल्या आत गरगर फिरली, दुसरी टोपणात शिरेचना. दुकानदार म्हणाला, "ताई, स्टीलचा नवाच घ्या की." त्याचंही बरोबर होतं. पण प्रत्येक वेळी बरोबर असणाऱ्या माणसाचं ऐकायचंच, असं कुठे आहे?

माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. तिला फोनवर हे रामायण सांगितलं तर म्हणाली, "आत्या, काढ की थ्रीडीमध्ये. प्रिंट करून घेऊ." जणू मी रोज सकाळी दोन-तीन वस्तू थ्रीडीत काढूनच आंघोळीला जाते. मी विमा कंपनीत एकतीस वर्षं काढली. कॉम्प्युटर म्हणजे माझ्या लेखी रकाने. एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं, चुकलं की लाल अक्षरं येतात, सुधारायचं. त्या पडद्याला खोली असते हे माझ्या सेवापुस्तकात कुठेच नोंदलेलं नव्हतं.

ती स्वतः स्केचअप वापरते. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावातल्या छोट्या कंपनीने ते २००० साली बाजारात आणलं. पुढे २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि २०१२ मध्ये ट्रिंबलकडे गेलं. जमिनीवर एक चौकोन काढा, त्याला धरून वर ओढा, झाली भिंत, अशी त्याची मूळ करामत. "पण तुला ते नको," भाची म्हणाली. "तू टिंकरकॅड घे. शाळेतली मुलं वापरतात. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं." शाळेतली मुलं वापरतात, हे तिने धीर द्यायला सांगितलं असावं. मला त्याचा उलट परिणाम झाला.

काय बॅकमन आणि मिक्को मोनोनेन या दोघांनी टिंकरकॅड २०११ मध्ये सुरू केलं. २०१३ मध्ये ऑटोडेस्क या बड्या कंपनीने ते घेतलं. मला त्याचं नाव आवडलं. टिंकर म्हणजे इंग्लंड-आयर्लंडकडे गावोगाव फिरून भांड्यांना डाग देणारा, भोकं बुजवणारा माणूस. आमच्या लहानपणी दुपारी गल्लीत भाता मांडून बसायचा तो कल्हईवाला, त्याचाच भाऊबंद. सोऱ्याचं काम घेऊन मी निदान योग्य दारात उभी होते.

आत गेल्यावर एक निळसर चौकटींची जमीन दिसते. दोनशे मिलिमीटर बाय दोनशे, म्हणजे लहानशा ताटाएवढी. उजवीकडे आकारांचं दुकान. लाल घन, नारिंगी दंडगोल, जांभळा शंकू, पिवळा पिरॅमिड. त्यातला एक उचलून जमिनीवर आणून सोडायचा. घन येतो तो वीस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्यावर क्लिक केलं की कोपऱ्यांना पांढरे चौकोन फुटतात आणि कडांच्या मधोमध काळे. ते ओढले की वस्तू लांबते, रुंदावते. माथ्यावरचा पांढरा ठिपका उंची वाढवतो. त्याच्याही वर एक छोटा काळा शंकू तरंगत असतो, तो धरला की अख्खी वस्तू हवेत उचलली जाते. बाजूला वाकडे बाण, ते वस्तू फिरवायला. एवढंच सामान आहे. पहिल्या अर्ध्या तासात मी पितृपंधरवड्यातल्या पानासारखी ती जमीन भरून टाकली.

मग म्हटलं, आता जरा शहाण्यासारखं काहीतरी करू. घनावर दंडगोल ठेवू. शंकू धरून दंडगोल वीस मिलिमीटर उचलला, सरकवत सरकवत घनाच्या माथ्यावर आणला. छान बसला. भाचीला पडदा दाखवला.

"आत्या, फिरवून बघ."

उंदराचं उजवं बटण दाबून जमीन गोल फिरवली. दंडगोल घनापासून चांगला पाच बोटं मागे, अधांतरी लटकत होता. मी ज्या जागी बसले होते तिथून, फक्त तिथून, तो घनावर बसलेला दिसत होता.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी भाची "फिरवून" एवढंच म्हणायची. मला राग यायचा. पडद्याचा नव्हे, स्वतःचा. कारण स्वयंपाकघरात मी कधीच असली चूक केलेली नाही. सासूबाईंच्या मांडणीवर डब्यांची ओळ असायची, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि खाली माठांची उतरंड. अंधारात हात गेला तरी हव्या त्या डब्यावरच जायचा. झाकण नीट लागलं नाही तर आवाजावरून कळायचं. उतरंडीतला वरचा माठ किंचित कलला तर पाठीमागून जाताना पदराला जाणवायचं. तिथे वस्तू ठेवणं हे डोळ्यांचं काम नव्हतंच मुळी. ते मनगटाचं काम होतं. वजन तुम्हाला सांगतं की आता सोड, बसलं.

इथे वजन नाही. काहीही कुठेही सोडा, पडत नाही. मी एक शंकू टोकावर उभा केला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. सगळे निवांत. त्याहून चमत्कारिक म्हणजे एक घन दुसऱ्या घनात खुशाल शिरतो. एका जागी एका वेळी दोन वस्तू राहू शकत नाहीत, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. सकाळच्या फास्ट लोकलने जायला लागल्यावर त्या नियमाला सूट मिळते हे कळलं. पण त्या सुटीलाही काही मर्यादा होती, बरगड्यांनी घातलेली. पडद्यावर तीही नाही. वस्तू बिचाऱ्या एकमेकींना ओळखतच नाहीत. त्या शेजारी आहेत, एकीवर एक आहेत, हे नातं आपण जोडायचं आणि आकड्यांनी पक्कं करायचं.

भांडंच काढायचं हा माझा हट्ट विक्षिप्त आहे असं मला वाटत होतं, पण या विद्येच्या जुन्या इतिहासात एक किटलीच आहे हे नंतर कळलं. यूटा विद्यापीठातल्या मार्टिन न्यूएल यांना १९७५ साली कॉम्प्युटरवर रेखाटायला एखादी वस्तू हवी होती. बायकोने सुचवलं, समोरची चहाची किटलीच घे की. त्यांनी तिची मापं, वळणं आकड्यांत उतरवली आणि पुढे जगभरच्या संशोधकांनी आपापल्या प्रकाश-सावल्यांच्या करामती त्याच किटलीवर करून पाहिल्या. खरी किटली आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात आहे. मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट अशी की सुरुवातीच्या त्या आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं. लागतंय कशाला? ती कुठे टेकायची नव्हती, तिच्यात चहा ओतायचा नव्हता. आणि खालून कोण बघायला येतंय! न्यूएलबाईंनी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय म्हटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे.

शाळेत मी इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली होती. शासकीय रेखाकला परीक्षा, त्यात वस्तुचित्राचा एक पेपर. स्टुलावर तांब्या, शेजारी एखादं फळ, मागे चुरगळलेलं कापड. मी तांब्याचं तोंड गोल काढायची. आमचे सर मागून येऊन म्हणायचे, "तुला माहीत आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ." तोंड गोल असतं हे मला माहीत होतं. माझ्या बाकावरून ते दिसत होतं लंबगोल, जवळजवळ चपटं. हे पटायला मला वर्ष लागलं आणि तरी सी ग्रेडच मिळाली. आता पन्नाशी उलटल्यावर हे यंत्र मला नेमकं उलटं सांगत होतं. दिसतंय त्यावर जाऊ नकोस. तुला जे माहीत आहे, लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, ते भर. दिसायचं कसं ते मी बघतो. तांब्याचं तोंड गोलच ठेव, लंबगोल करायची जबाबदारी माझी. सर असते तर त्यांना विचारलं असतं की मग त्या वर्षी माझे मार्क का कापलेत.

हळूहळू हात बसला. डी दाबलं की अधांतरी असलेली वस्तू टपकन जमिनीला टेकते. हे बटण मला इतकं आवडलं की गरज नसतानाही मी वस्तू वर उचलून डी दाबत बसायची. एल दाबलं की दोन वस्तू एका रेषेत आणता येतात. भोवती काळे ठिपके येतात, डावी कड, मध्य, उजवी कड. मधला दाबला की मध्याला मध्य. पहिल्यांदा केलं तेव्हा जिला हलवायचं होतं तीही सरकली आणि जिला हलवायचं नव्हतं तीही. भाची म्हणाली, "आधी जिने जागेवर राहायचंय तिच्यावर क्लिक कर. मग बाकीचे तिच्याकडे येतील." बरोबर आहे. घरात लग्न ठरतानाही पहिला प्रश्न हाच असतो.

आता चकती. नारिंगी दंडगोल घेतला, तीन मिलिमीटर उंचीचा केला, शाळेच्या पट्टीने मोजून व्यास त्रेपन्न टाकला. मोठा करून पाहते तर काठ गुळगुळीत नाही, कोन दिसतायत. मग कळलं की हा दंडगोल गोल नाहीच. त्याला मुळात वीस बाजू असतात. बाजूंची सरकपट्टी ओढून जास्तीत जास्त चौसष्ट करता येतात. चौसष्ट बाजूंच्या आकृतीला डोळे गोल म्हणतात आणि सोऱ्याही म्हणतो, म्हणून मीही म्हटलं.

आणि मग ती गोष्ट आली जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. चकतीला चांदणीचं भोक पाडायचं होतं. मला वाटलं, एखादी कानस किंवा पोगर असेल, त्याने कोरायचं. तसं काही नाही. भोक ही इथे वस्तूच आहे. दुकानातून चांदणी आणायची आणि तिला सांगायचं की तू आता भरीव नाहीस, तू भोक आहेस. ती करड्या तिरक्या रेघांची, अर्धवट पारदर्शक होते. पण असते. तिला लांबी-रुंदी-उंची असते. ती उचलता येते, कलती करता येते, तिची नक्कल काढता येते. एके दुपारी दूध उतू चाललं म्हणून मी उठले आणि परत येऊन पाहिलं तर ते भोक जमिनीच्या कोपऱ्यात मी ठेवलं होतं तसंच पडलेलं. कशातलंच नसलेलं भोक. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

मग ते चकतीत नेऊन ठेवायचं, दोघांना एकत्र निवडायचं आणि एकगठ्ठा करायचं. त्या क्षणी चांदणी दिसेनाशी होते आणि चकतीत तिच्या आकाराची जागा मोकळी होते. गठ्ठा सोडला की चांदणी जशीच्या तशी बाहेर, चकती पुन्हा अखंड. कल्हईवाल्यालाही जे जमलं नसतं ते. डाग न देता बुजलेलं भोक, आणि वर भोक आपल्या हातात शिल्लक.

चकलीचा विचार आम्ही नेहमी पिठाच्या बाजूने केला. भाजणी किती भाजली, मोहन जास्त झालं का, उकड सैल झाली का. तुकडे पडले तर दोष पिठाचा किंवा सुनेचा. पण काटा पाडते ती त्या पितळेतली न-पितळ जागा. सासूबाई चकती धुताना टाचणीने एकेक कोपरा साफ करायच्या. मला वाटायचं चकती धुतायत. आता कळतं की त्या भोक घासत होत्या.

मी पहिलं पाडलेलं भोक वरून देखणं होतं. भाचीला मोठ्या अभिमानाने दाखवलं. "फिरवून," ती म्हणाली. खालून चकती कोरी करकरीत. चांदणी चुकून एक मिलिमीटर वर उचललेली राहिली होती. ती आरपार गेलीच नव्हती, वरून नुसता खळगा पडला होता. तेव्हापासून भोक नेहमी वस्तूपेक्षा उंच घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावू द्यायचं, हे शिकले.

राहिला प्रश्न काट्यांचा. चांदणीला टोकं किती ते सरकपट्टीवर ठरवायचं असतं. आणि मला आठवेना. तीस दिवाळ्या त्या चकतीतून चकल्या पाडल्या, हातात धरली, धुतली, पुसली. टोकं पाच की सहा की आठ, पत्ता नाही. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काटेरी होती." नणंद नाशिकला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "सहा असतील. की आठ? तू होतीस ना तिथे."

मग जुने फोटो काढले. एका दिवाळीच्या ताटाचा फोटो मिळाला, कडेला तीन चकल्या. भिंग घेऊन बसले. चकलीच्या अंगावरून जाणाऱ्या धारा मोजायच्या. तीन स्पष्ट होत्या. चौथी धार आहे की नुसती सावली, ते ठरेना. वरून तीन दिसत असतील तर एकूण सहा असाव्यात, चार असतील तर आठ. खालची बाजू ताटाला टेकलेली. माझा हात आपसूक उंदराच्या उजव्या बटणावर गेला. फोटो कुठला फिरायला!

मी सात केले. सहा आणि आठ यांच्या मधला आकडा. विम्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ठेवू नये.

छापून देणारा मुलगा स्टेशनजवळच बसतो. त्याने वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याचे पाव मिलिमीटरहूनही बारीक थर एकावर एक देत तासाभरात चकती करून दिली. कुरडयांसारखंच काम, फक्त वाळवायला गच्ची नको. घरी आणली तर टोपणात जाईना. पट्टीने मोजलेले त्रेपन्न हे त्रेपन्न नव्हतेच. शेजारच्यांकडून व्हर्नियर आणला, टोपण आतून मोजलं, बावन्न पूर्णांक चार भरलं. त्यातही चकतीला शिरायला थोडी मोकळीक हवी. पुन्हा आकडा बदलला, पुन्हा छापली. बसली. पण मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि थरांच्या फटीत पीठ अडकून राहील, धुऊन निघणार नाही. खाण्याच्या कामाला वापरू नका. उकड गरम असतानाच मळून सोऱ्यात भरायची असते, तेव्हा विषयच संपला.

ती प्लास्टिकची चकती घेऊन मी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात गेले. लेथवाले काका, सत्तरीचे असतील. त्यांना सोऱ्याचं टोपण आणि चकती दिली, म्हटलं अशीच पितळेची हवी. त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली आणि एक डोळा मिटून भोकातून पाहिलं. मग उलटी करून पुन्हा पाहिलं. मला हसू आलं. त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"सात आहेत," ते म्हणाले.

"हो."

"सात कसे काय? सहा घ्यायचे. कंपास लावला, त्याच मापाने काठावर फिरवला की सहा खुणा आपोआप पडतात. आठ घेतले तर अर्ध्याचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं. साताची वाटणी बसत नाही, थोडं उरतंच." त्यांनी अंगठ्याने टोकं चाचपली. "जुन्या कारागिराने सात केले नसते, ताई. कोण कशाला डोक्याला ताप करून घेईल?"

सरकपट्टी सहावरून सातवर नेताना मला तसूभरही जड गेलं नव्हतं. तीनशे साठ भागिले सात हा आकडा त्या यंत्राने निमूट गिळला होता. कंपासाने आणि पट्टीने सात समान भाग नेमके पाडताच येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात ते गणिताने सिद्धही झालंय. काकांना त्या सिद्धतेची गरज नव्हती.

"मग सहा करू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आता हा नमुना आहे ना हातात, त्यावरून खुणा करता येतील. ते हो म्हणाले. नमुना पितळेवर ठेवून सुईने भोवती रेघ ओढतील, मध्ये ड्रिल मारतील, मग त्रिकोणी कानशीने टोकं काढतील. "अगदी टोकदार नाही ठेवत, किंचित मारतो. नाहीतर पीठ अडकतं." चार दिवसांनी या म्हणाले.

चकती झाली. टोपणात ठेवताना कट् असा आवाज आला आणि मनगटाला कळलं की बसली. दिवाळीला नणंद आली होती. तिने पहिली चकली उचलली, उलटी केली, खालून नखाने धारा मोजल्या, काही बोलली नाही आणि खाल्ली. दुसरी न मोजता खाल्ली.

फाईल अजून तिथेच आहे. टिंकरकॅड नव्या कामाला आपणहून काहीतरी अगडबंब दुहेरी नाव ठेवून देतं, ते मी बदललेलं नाही. पॅसेजमध्ये एकोणीस खोकी उरली आहेत आणि खरी चकती त्यांतल्याच एखाद्यात असणार, सहा काट्यांची किंवा आठ. नवरा म्हणतो, एका रविवारी बसून सगळी उघडून टाकू. मी म्हणते, नव्या घरात जाऊ तेव्हा उघडायचीच आहेत.